‘हाय रिस्क’चा शिक्का आणि आपली मुलं

१४ एप्रिलला आपल्या बहुतेक वस्त्यांत रक्तदान शिबिर असते. डीजेवर पैसा उडवण्यापेक्षा हे कितीतरी बरे, असे आम्ही या पानावर वारंवार लिहिले आणि तरुण मंडळांनी ते मनावरही घेतले. विहारासमोर मांडव पडतो, रक्तपेढीची गाडी येते आणि रांगेतल्या पोरांच्या हातात एक फॉर्म दिला जातो. तो फॉर्म कोणी नीट वाचत नाही. नाव, वय, वजन, कावीळ झाली होती का, मलेरिया झाला होता का, आणि खाली सही. यंदा तो सर्वांनी एकदा पूर्ण वाचावा, अशी आमची विनंती आहे.

देशातील रक्तपेढ्यांसाठी २०१७ मध्ये रक्तदाता निवडीची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत एचआयव्ही आणि ‘ब’ व ‘क’ प्रकारच्या काविळीचा धोका असलेले म्हणून काही माणसांना रक्तदानातून कायमचे बाद केले आहे. तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने नशा करणारे, अनेकांशी संबंध ठेवणारे अशी ती यादी आहे. यातल्या शेवटच्या दोघांना ते काय करतात यावरून अडवले आहे. तृतीयपंथी व्यक्तीला मात्र ती कोण आहे एवढ्यावरूनच अडवले आहे. दहा वर्षे एकाच जोडीदाराबरोबर राहणारा, दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेणारा समलिंगी पुरुषही बाद. या तरतुदीला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्याच वर्षी १४ जूनला ब्रिटनने आपला फॉर्म बदलला. तिथे आता स्त्री असो वा पुरुष, प्रत्येकाला सारखेच प्रश्न विचारतात : गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार आला का, कोणत्या प्रकारचा संबंध आला. अमेरिकेनेही २०२३ मध्ये तेच केले.

एखाद्याच्या रक्तात काय आहे हे तो कोणत्या गटातला आहे यावरून ठरवायचे, ही रीत चुकीची का, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागू नये. आपले आजोबा-पणजोबा ज्या पाणवठ्यावरून हाकलले गेले, तिथे कोणी त्यांचे हात तपासले नव्हते.

मात्र इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. फॉर्म अन्यायाचा आहे म्हणून त्यावर खोटे लिहून रक्त द्यावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नवी लागण झाल्यावर काही दिवस ती तपासणीत दिसत नाही. याला विंडो पिरियड म्हणतात. त्या काळात दिलेले रक्त एखाद्या थॅलेसेमियाच्या लेकराला चढू शकते. ज्याच्या मनात शंका आहे त्याने शिबिरात रक्त देऊ नये आणि शिबिराला तपासणी केंद्रही समजू नये. तपासणीची जागा वेगळी आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

हा ‘गट’ शब्द आला कुठून? ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. पाचही समलिंगी होते. विषाणू अजून सापडायचा होता, पण नाव ठेवायला कोणी थांबले नाही. १९८२ मध्ये या आजाराला ‘ग्रिड’ म्हणू लागले, म्हणजे समलिंगींशी जोडलेला प्रतिकारशक्तीचा आजार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते नाव जाऊन एड्स हे नाव आले, कारण तोवर स्त्रियांतही तो दिसू लागला होता. नाव बदलले तरी लोकांच्या डोक्यातले जुने नाव काही गेले नाही. पुढच्या वर्षी तिथे धोक्याचे चार गट बोलले जाऊ लागले. इंग्रजीत चारही ‘एच’ अक्षराने सुरू होतात : होमोसेक्शुअल, हेरॉइन घेणारे, हिमोफिलियाचे रुग्ण आणि हैती देशाचे लोक.

चौथे नाव पुन्हा वाचा. अख्खा एक देश, काळ्या लोकांचा, गुलामीविरुद्ध बंड करून स्वतंत्र झालेला, तोच धोक्याच्या यादीत! अमेरिकेत राहणाऱ्या हैतीच्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, शाळेत पोरांना छळले गेले. १९८५ मध्ये त्यांना यादीतून काढले, पण १९९० च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी खात्याने सर्वच हैतीवासीयांना रक्तदान करायला मनाई केली. २० एप्रिल १९९० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून हजारो हैतीवासीयांचा मोर्चा निघाला आणि वर्ष संपण्याआधी ती बंदी मागे घ्यावी लागली. महाडचे तळे माहीत असलेल्या वाचकांना त्या पुलावरची गर्दी परकी वाटणार नाही.

आता धोका नक्की कशात आहे ते पाहू. आमचे म्हणणे असे नाही की समलिंगी पुरुषांत एचआयव्ही जास्त आढळत नाही. आढळतो. २०१७ च्या सरकारी पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत लागणीचे प्रमाण २.६९ टक्के होते. देशातील सर्व प्रौढांत ते त्या वर्षी ०.२२ टक्के होते. बारापट फरक आहे, तो लपवून कोणाचे भले होणार नाही. पण तोच आकडा उलटा वाचला तर शंभरातील सत्त्याण्णव जणांना लागण नाही, आणि शिक्का मात्र शंभरांच्या कपाळी आहे.

फरक पडतो तो शरीराच्या रचनेमुळे. कंडोम नाही, औषध नाही आणि जोडीदाराला एचआयव्ही आहे, अशा स्थितीत गुदमार्गातून संबंध घेणाऱ्या व्यक्तीला दर १० हजार वेळांमागे साधारण १३८ वेळा लागण होते, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. योनिमार्गातून संबंध येणाऱ्या स्त्रीसाठी हाच आकडा ८ आहे. गुदमार्गाचे आतले अस्तर पातळ असते, त्याला नैसर्गिक ओलावा नसतो, ते लवकर सोलवटते. अस्तर बाईचे असो की पुरुषाचे, विषाणूला काय त्याचे? नवरा-बायकोत असा संबंध आला तरी धोका तेवढाच. तोंडाने केलेल्या संबंधात तो फारच कमी. मिठी मारणे, चुंबन घेणे, एका ताटात जेवणे, एका अंथरुणावर झोपणे यांत काहीच नाही. म्हणून ‘तू हाय रिस्क आहेस’ हे वाक्यच चुकीचे आहे. ‘अमुक प्रकारचा संबंध कंडोमशिवाय झाला असेल तर धोका जास्त आहे’ हे वाक्य बरोबर आहे. पहिले ऐकून पोरगा घरी पळून जातो. दुसरे ऐकून तो विचारतो, मग काय करू?

न्यूयॉर्कमधील रिचर्ड बर्कोविट्झ आणि मायकेल कॅलेन या दोन आजारी समलिंगी तरुणांनी १९८३ मध्ये डॉ. जोसेफ सोनाबेंड यांच्या मदतीने साथीच्या काळात संबंध कसे ठेवावेत यावर एक छोटी पुस्तिका काढली. एकेक कृती घेऊन तिच्यात धोका किती आणि तो टाळायचा कसा, हे त्यांनी साध्या भाषेत लिहिले आणि कंडोम वापरायला सांगितले. गंमत म्हणजे आजाराच्या कारणाबद्दलचा त्यांचा तर्क पुढे चुकला, पण सल्ला खरा ठरला. ज्यांच्यावर वेळ आली होती त्यांनीच स्वतःच्या शब्दांत लिहिले म्हणून तो लोकांपर्यंत पोचला.

आपल्याकडे सरकारी कागदांत ‘एमएसएम’ ही तीन अक्षरे आली. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, एवढाच त्याचा अर्थ. १९९० च्या दशकात हा शब्द रुळला तो चांगल्या हेतूने. स्वतःला गे न म्हणवणारे अनेक पुरुष असतात, त्यांना ओळखीचे लेबल न लावता फक्त कृतीबद्दल बोलता यावे, हा विचार त्यामागे होता. पण कागदावरून तो दवाखान्यात आला आणि त्याचीही जात झाली. आमच्या ओळखीच्या एका ताईंना मुलाच्या दवाखान्याच्या कागदावर ही अक्षरे दिसली. त्यांनी विहारात हळूच विचारले, ‘हा कुठला आजार असतो हो?’

मुंबईच्या रस्त्यावर, स्टेशनात, बागेत वापरात असलेले शब्द वेगळेच आहेत : कोती, पंती, डबल डेकर. बायकी वागणारा, संबंध घेणारा तो कोती. त्याच्याबरोबर जाणारा ‘मर्द’ पुरुष तो पंती. दोन्ही प्रकारे चालणारा डबल डेकर. सुरुवातीच्या वर्षांत संस्थांचे काम मुख्यतः कोतींपर्यंत पोचले, कारण ते चटकन ओळखू येत. पंती कोणालाच दिसला नाही. तो आपल्यातच राहतो. रिक्षा चालवतो, कंपनीत रात्रपाळी करतो, त्याला बायको आणि दोन मुले आहेत, जयंतीच्या मंडळात तो पुढे असतो. तो स्वतःला समलिंगी मानत नाही, त्यामुळे ‘समलिंगींनी काळजी घ्यावी’ हे पोस्टर आपल्यासाठी नाही, असे त्याला वाटते. आणि मग पहिलटकरीण बायकोची गरोदरपणातली रक्ततपासणी होते. घरात एचआयव्ही हा शब्द पहिल्यांदा तिच्या नावासमोर लिहिला जातो आणि सासरचे विचारतात, हिने हे कुठून आणले?

ज्या शब्दाने गट ठरतो, त्या शब्दाच्या बाहेरचा माणूस निर्धास्त होतो. हा त्या शब्दाचा दुसरा आणि मोठा गुन्हा आहे.

मोबाईलवर भेटीगाठी ठरवणाऱ्या तरुणांत एक शब्द फार चालतो : ‘क्लीन’. ‘क्लीन आहेस ना?’ म्हणजे एचआयव्ही नाही ना. पोरे सहज विचारतात, वाईट हेतू नसतो. पण आपण तरी हा शब्द सहज ऐकू नये. एक स्वच्छ म्हटला की दुसरा घाणेरडा ठरतो. विटाळ आपण गावाकडे सोडून आलो आणि तो इंग्रजी कपडे घालून मोबाईलमध्ये शिरला! शिवाय तो शब्द फसवाही आहे. ‘क्लीन’ म्हणणाऱ्याने शेवटची तपासणी तीन वर्षांपूर्वी केलेली असू शकते. ज्याला आपली लागण माहीत आहे आणि जो रोज गोळी घेतो, त्याच्यापेक्षा हा ‘क्लीन’ माणूस अधिक धोक्याचा.

हे आम्ही हवेत बोलत नाही. वेळेवर औषध घेतले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये नऊ देशांतील जोडप्यांच्या अभ्यासातून पुढे आले. आपल्या पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही त्या अभ्यासात होती. त्यातली बहुतेक जोडपी स्त्री-पुरुषांची होती, म्हणून समलिंगी पुरुषांचे काय, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर २०१९ मध्ये युरोपातून आले. एकाला एचआयव्ही आहे व तो औषध घेतो आणि दुसऱ्याला नाही, अशी ७८२ पुरुष जोडपी तपासली गेली. त्यांचे कंडोमशिवाय ७६ हजारांवर संबंध झाले. जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही घटना आढळली नाही. रक्तातला विषाणू औषधाने इतका दबला की तपासणीत सापडत नाही, तर तो संबंधातून दुसऱ्याला जात नाही. रोज गोळी, न चुकता, आणि व्हायरल लोडची तपासणी, एवढी त्याची अट आहे.

यामुळे ‘असुरक्षित संबंध’ हा शब्दही जुना झाला. पूर्वी त्याचा अर्थ एकच होता, कंडोम नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ च्या सुमारास तो शब्द सोडून ‘कंडोमविना संबंध’ म्हणायला सुरुवात केली, कारण आता संरक्षण अनेक प्रकारचे आहे. लागण नसलेल्याने आधीपासून घ्यायच्या गोळ्या आहेत, त्यांना प्रेप म्हणतात. अमेरिकेत २०१२ मध्ये त्यांना मान्यता मिळाली आणि आपल्याकडेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्या मिळतात. धोका घडून गेल्यावर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यायचे औषध आहे. त्याला पेप म्हणतात. कंडोम मात्र यांपैकी कशानेही रद्द होत नाही. गरमी, परमा हे रोग या गोळ्यांनी थांबत नाहीत, आणि वस्तीतल्या पोराला सर्वांत स्वस्त व हाताशी असलेली वस्तू अजून कंडोमच आहे. त्याच्याबरोबर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरू नये, त्याने कंडोम फाटतो. औषधाच्या दुकानात पाण्याचे जेल मिळते, ते वापरावे. घराघरांत खोबरेलाची बाटली असते म्हणून हे मुद्दाम लिहिले.

धम्माच्या मासिकात हे कशाला, असे काही ज्येष्ठ विचारतील. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही होते. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला, बाबासाहेब ती केस हरले. पण लोकांनी विचारलेल्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा नाही, ही बाजू त्यांनी मांडली. पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या गुन्ह्यातून मुक्त केले, तेव्हा निकालात आधार घेतला तो बाबासाहेबांच्या संवैधानिक नैतिकतेचा. आपल्या मासिकाला याहून वेगळी परवानगी कोणाकडून हवी?

तिसऱ्या शीलाचाही प्रश्न येतो. शीलाचा भंग जबरदस्तीत आहे, फसवणुकीत आहे, विश्वासघातात आहे, असे आम्ही मानतो. दोन पुरुषांच्या प्रेमात तो आपोआप होत नाही. तो होतो त्या दिवशी, ज्या दिवशी मुलगा सांगतो की मला मुलीत रस नाही आणि आई-बाप म्हणतात, लग्न झाले की सुधारेल. मग एका अजाण मुलीला माळ घातली जाते. त्या फसवणुकीत मंगल परिणयाला जमलेले आपण सगळेच सामील असतो. आमचे मत कठोर वाटेल, पण बौद्धाचार्यांनी अशा लग्नांबद्दल घरच्यांशी आधीच बोलले पाहिजे.

घरात कोणी असे सांगितलेच, तर पहिल्यांदा आवाज खाली ठेवा. पोरगा घराबाहेर काढला की तो पहिली रात्र कुठे काढतो, कोणाच्या आधाराला जातो आणि त्या बदल्यात काय मान्य करतो, याचा विचार करा. कंडोम हवा, असे म्हणण्याची ताकद पाठीशी घर असलेल्या माणसात असते.

तपासणी सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात मोफत होते. धोका घडून तीन महिने झाले नसतील तर अहवाल निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. लागण निघालीच तर एआरटी औषध २००४ पासून सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि २०१७ पासून ते लगेच सुरू करतात, प्रकृती ढासळण्याची वाट पाहत नाहीत. १० सप्टेंबर २०१८ पासून, म्हणजे ३७७ च्या निकालानंतर चारच दिवसांनी, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, अहवाल तिसऱ्याला सांगता येत नाही, आणि लागण आहे म्हणून नोकरी, उपचार किंवा भाड्याची खोली नाकारता येत नाही. केंद्रात कोणी मोठ्याने ‘हाय रिस्क’ म्हणून हाक मारली, तर सोबत गेलेल्याने तिथेच थांबवावे : नावाने बोलवा. एकट्या पोराला हे जमत नाही, म्हणून मोठ्या भावाने, मावशीने, मित्राने बरोबर जावे. जायची हिंमत होत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर आधी फोन करावा.